चित्रनगरी की चित्रशाळा?

मराठी चित्रपटाच्या दुरवस्थेविषयी आमच्याकडे जितके बोलले जाते, तितके दुसऱ्या कोणत्याही धंद्याविषयी क्वचितच बोलले जात असेल. चित्रगृहे मिळत नाहीत, हिंदी चित्रपटांनी पडदे अडवून धरले आहेत, प्रेक्षक पाठ फिरवितो, अनुदान वेळेवर हाती पडत नाही, ही गाऱ्हाणी इतक्या वेळा कानी पडली आहेत की, ती मांडणारा व ऐकणारा अशा दोघांनाही ती आता तोंडपाठ झाली आहेत. त्यांत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु या साऱ्या ओरडीत एक साधा प्रश्न कोणीच विचारीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. चित्रपट करणारी माणसे तयार होतात कोठे? त्यांना शिकवितो कोण? आणि शिकलेल्यांची एकमेकांशी गाठ घालून देतो कोण?

या तिन्ही प्रश्नांना आज महाराष्ट्रात धड उत्तर नाही, आणि मराठी चित्रपटाचे खरे दुखणे येथेच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पडदा, पैसा आणि पारितोषिक या तीन गोष्टींनी एखादा चित्रपट तरून जाईल. धंदा त्यांनी उभा राहावयाचा नाही. धंदा उभा राहतो तो तालमीवर आणि तालमीतून निघालेल्या माणसांच्या परस्पर सहवासावर. ही गोष्ट आम्हांस कोणी परक्याने शिकवावयास नको. ती आमच्याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली आहे. आम्ही ती विसरलो एवढेच.

1918 च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा त्यांच्यापाशी काय होते? सरकारी अनुदान नव्हते. मुंबईच्या पेढ्यांचा आधार नव्हता. तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेला पैसा, शाहू महाराजांच्या संस्थानातील गुणग्राहक वातावरण आणि स्वतःच्या हातांतील कसब, एवढेच भांडवल. बाबूराव जातिवंत कारागीर, मेस्त्री घराण्यातले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून दामल्यांच्या मदतीने त्यांनी तो घरीच घडविला आणि त्याच कॅमेऱ्यावर पुढे ‘सैरंध्री’ (1920) निघाला. पण आमच्या दृष्टीने बाबूरावांची सर्वांत मोठी निर्मिती ‘सैरंध्री’ही नव्हे आणि ‘सावकारी पाश’ही (1925) नव्हे. ती निर्मिती म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे होत. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम हे चौघेही या एकाच कारखान्यात घडले. पडदे रंगविणे, देखावे उभारणे, रसायनांत फिल्म धुणे, प्रसंगी तोंडाला रंग लावून उभे राहणे, असे पडेल ते काम त्यांनी केले. ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी हा तोच शांताराम, ज्याला दोनच वर्षांनी ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन सोपविण्यात आले. आजच्या भाषेत याला प्रशिक्षण म्हणतात. तेव्हा त्याला कंपनीत राहणे म्हणत.

1929 साली या चौघांनी भांडवल पुरविणाऱ्या सीतारामपंत कुलकर्ण्यांना सोबत घेऊन ‘प्रभात’ काढली. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठीस वाचा दिली, 1933 साली कंपनी पुण्यास आली, 1936 साली दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या दोघांपैकी एकानेही चित्रपटकलेची पदवी घेतलेली नव्हती, हे आमचे काही विद्वान मोठ्या तोऱ्याने सांगतात आणि त्यावरून ‘कला शिकविता येत नाही’ असा सिद्धांत काढतात. या सिद्धांताला काय म्हणावे! दामले-फत्तेलालांनी ‘तुकारामा’पूर्वी पंधराहून अधिक वर्षे रोज सकाळी उठून हेच काम केले होते. पदवी नव्हती हे खरे. गुरू होता, शाळा होती, सहाध्यायी होते. नव्हता तो फक्त दाखला.

त्या काळच्या कोल्हापुराचे आणखी एक वैशिष्ट्य होते, ते साहित्याच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. तेथे चित्रकार, नट, यंत्रज्ञ आणि लेखक एकाच गावात नांदत होते. ‘सावकारी पाश’ची कथा ना. ह. आपट्यांची, पुढे ‘प्रभात’च्या ‘कुंकू’चा (1937) आधारही त्यांचीच कादंबरी. 1936 साली कोल्हापुरातच ‘हंस’ निघाली आणि वि. स. खांडेकरांनी तिच्यासाठी ‘छाया’ लिहिला. त्याच कंपनीत माणदेशातला एक गरीब, होतकरू मुलगा येऊन दाखल झाला, ‘ब्रह्मचारी’त (1938) त्याने लहानशी भूमिका केली, मास्टर विनायकांचे काम जवळून पाहिले, आणि पुढे ग. दि. माडगूळकर या नावाने मराठी पटकथेला व गीताला त्याने जे दिले ते आम्ही सांगावयास नको. विचार करा: माणदेशापासून कोल्हापूर जवळ नसते, तेथे दार ठोठावण्याजोगी एखादी कंपनी नसती, तर त्या मुलाचे काय झाले असते? माणदेशात आज असा मुलगा नाही काय? आहे, एक सोडून दहा असतील. ठोठावावयास दार तेवढे नाही.

आता यावर कोणी म्हणेल की, दार नाही कसे? पुण्यास प्रभात रस्त्यापलीकडे अखिल भारतात नावाजलेली संस्था उभी आहे की! होय, आहे. 1951 च्या पाटील समितीने सूचना केली आणि 1960 साली केंद्र सरकारने ‘प्रभात’च्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. ज्या आवारात ‘तुकाराम’ झाला, तेथेच देशभरातील मुले शिकू लागली. या संस्थेविषयी आमची काडीइतकीही तक्रार नाही. ती साऱ्या देशाची आहे, तिच्या जागा मोजक्या, तिची प्रवेशपरीक्षा देशव्यापी आणि शिकविण्याची भाषा प्रामुख्याने इंग्रजी. एकट्या महाराष्ट्राची गरज भागविणे हे तिचे कामच नव्हे. तक्रार आहे ती आमच्याचविषयी. घरापुढून गंगा वाहत असता तिच्यातून एखादा पाट काढून आपले शेत भिजवावे, एवढीही बुद्धी आम्हांस साठ-पासष्ट वर्षांत झाली नाही.

ती बुद्धी केरळीयांस झाली. अदूर गोपालकृष्णन् हा तरुण याच पुण्याच्या संस्थेतून 1965 साली बाहेर पडला आणि गावी परतला. परतल्यावर त्याने काय केले? मद्रासला जाऊन कोणाच्या तरी दारी उमेदवारी करीत बसला नाही, की सरकारकडे अर्ज घेऊनही धावला नाही. त्याने सोबत्यांसह तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी काढली, चांगले चित्रपट पाहणारा प्रेक्षक घडविण्यास आरंभ केला, आणि तिच्याच जोडीने निर्मितीसाठी सहकारी संस्था उभारली. त्या सहकारी संस्थेचा ‘स्वयंवरम्’ 1972 साली निघाला आणि देशातील सर्वोत्तम चित्रपट ठरला. तिकडे गावोगाव फिल्म सोसायट्यांचे जाळे पसरले. जॉन अब्राहम व त्याच्या ‘ओडेसा’ मंडळींनी तर 1986 साली लोकवर्गणी जमवून ‘अम्मा अरियान’ पुरा केला. सरकारही मागे राहिले नाही: 1975 साली चित्रपट विकास महामंडळ निघाले, 1998 साली अकादमी स्थापन झाली, आणि तिने भरविलेल्या महोत्सवात आज विद्यार्थी, शिक्षक, रिक्षावाले एकाच रांगेत उभे असतात. मल्याळी चित्रपटाची आज जी वाहवा आमच्या घराघरांतून चालते, तिच्यामागे ही पन्नास-साठ वर्षांची मशागत आहे. आम्ही पीक पाहून हळहळतो. नांगरट कोणी पाहिली?

आमच्याकडे याच काळात काय झाले ते पाहू. सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. कराच्या परताव्याची योजना आली, मग अनुदानाची आली. 1977 साली गोरेगावला चित्रनगरी झाली. 1980 नंतरच्या दशकात कोल्हापुरासही एक चित्रनगरी मिळाली. बहुपडदा चित्रगृहांनी मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा असा आग्रह 2015 साली धरण्यात आला. या प्रत्येक उपायामागील हेतू चांगला आहे. पण बारकाईने पाहिले तर या सर्वांत एक गंमत दिसून येईल. अनुदान मिळते ते चित्रपट झाल्यावर. पडदा मिळावयाचा तोही चित्रपट झाल्यावर. चित्रनगरी म्हणजे जागा. ती उपयोगी पडावयाची ती चित्रपट करावयास आलेल्यास. चित्रपट करणारा माणूस मात्र आकाशातून पडतो असे आमच्या योजनाकर्त्यांनी गृहीत धरलेले आहे! कळसाला सोन्याचा मुलामा देण्याची तरतूद आहे. पायासाठी एक पाटी चुना नाही.

कोल्हापूरची चित्रनगरी कित्येक वर्षे ओस पडली होती. अलीकडे तिची डागडुजी झाली आणि तेथे पुन्हा चित्रीकरणाची वर्दळ सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकाही कोल्हापूर-साताऱ्याकडे वळल्या. वाईचा परिसर तर हिंदी चित्रपटवाल्यांच्या फार आवडीचा. ‘गंगाजल’मधला (2003) बिहार तेथेच उभा राहिला आणि ‘स्वदेस’मधले (2004) गाव मेणवलीच्या घाटावर वसले. पण या सगळ्या वर्दळीतून त्या गावांना काय लाभले याचा हिशेब कोणी मांडतो काय? वाड्याला भाडे मिळते, खाणावळीला गिऱ्हाईक मिळते, गर्दीत उभे राहणाऱ्यांस दिवसाची मजुरी मिळते. मंडळी सामान बांधून निघून जातात तेव्हा गावातला एखादा मुलगा कॅमेरा चालविण्यास, ध्वनी टिपण्यास किंवा हिशेब राखून निर्मिती सांभाळण्यास शिकलेला असतो काय? तसा तो शिकावा अशी अटच कोणी घातलेली नसते. घाटाला भाडे मिळावे आणि घाटाखालच्या पोराला कसब मिळू नये, या व्यवस्थेस उद्योगाची उभारणी म्हणत नाहीत. त्यास जागा भाड्याने देणे म्हणतात.

याच महाराष्ट्रात रंगभूमीचे चित्र किती निराळे आहे पाहा. जुन्या नाटक मंडळ्या या शाळाच होत्या. मुलगा कंपनीत जेवे, तेथेच शिके आणि तेथेच मोठा होई. त्या मोडल्या तरी तालमीची परंपरा तुटली नाही. 1954 पासून राज्य नाट्यस्पर्धा चालू आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून महाविद्यालयांतील मुलांना दरसाल रंगमंचावर खेचून आणतो. मराठवाडा विद्यापीठासारख्या ठिकाणी नाट्यशास्त्राचा विभाग आहे. परिणामी मराठीत नटांचा दुष्काळ कधीच पडला नाही, आणि संवाद लिहिणाऱ्यांचाही नाही. मराठी चित्रपट आजवर जगला तो बव्हंशी रंगभूमीच्या या उसनवारीवर. पण चित्रपट हा बारा बलुत्यांचा गाव आहे. तेथे नट आणि लेखक ही दोन बलुती झाली. छायालेखक, ध्वनिलेखक, संकलक, वेशभूषाकार, निर्मितीव्यवस्थापक, वितरक ही उरलेली कोठून आणावयाची? ती नाट्यस्पर्धेत तयार होत नाहीत. म्हणून आमच्या अनेक चित्रपटांत माणसे उत्तम बोलतात आणि पडदा मात्र मुका राहतो.

या बलुत्यांची आजची स्थिती काय आहे? शाळा नसली की विद्या ओळखीने मिळते. मुंबईस ज्याचा मामा या धंद्यात आहे, पुण्यास ज्याच्या मित्राचा मित्र सहायक आहे, त्याला आत घेतले जाते. वर्ष-दोन वर्षे बिनपगारी राबण्याइतकी ज्याच्या घरची ऐपत आहे, तो तग धरतो. उरलेल्यांनी काय करावे? गडचिरोलीच्या मुलीने, जतच्या शेतमजुराच्या मुलाने, अंगी कितीही गुण असला तरी, कोणाचे नाव सांगून आत शिरावे? जुन्या बलुतेदारीत वतन बापाकडून मुलाकडे जाई. आजच्या या अत्याधुनिक धंद्यातही कसब वतनासारखेच हस्तांतरित होत असेल, तर आमची प्रगती ती कोणती? शाळेचा खरा उपयोग येथे आहे. शाळा प्रतिभा देत नाही हे कबूल. पण ती ओळखीवाचून दार उघडते. एवढ्या एका गुणासाठीही ती हवी.

हा केवळ तर्क नव्हे. तेव्हाच्या अहमदनगरातील महाविद्यालयाने संज्ञापनविद्येचा अभ्यासक्रम चालविला. मुंबई-पुण्याच्या मानाने ते आडगावच. तेथे शिकणाऱ्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि त्याच वाटेने पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ (2016) आले. ‘सैराट’चे दाखले देऊन जे म्हणतात की, ‘पाहा, खेड्यातली न शिकलेली मुले पडद्यावर आणली तरी चित्रपट चालतो’, ते अर्धेच सांगतात. मुले न शिकलेली असतील. त्यांच्याकडून ते काम करवून घेणारा माणूस कोठे तरी बसून, चुकत माकत, एका साध्या विभागातला कॅमेरा हाती घेऊन शिकला होता. दुसरे उदाहरण उमेश कुलकर्णी यांचे. ते पुण्याच्या संस्थेत शिकले, गिरीश कुलकर्णी यांच्यासारखा लेखक-नट सोबती त्यांस लाभला, आणि ‘वळू’ (2008) व ‘देऊळ’ (2011) झाले. एकाची तालीम आणि दुसऱ्याची सोबत, या दोहोंवाचून हे घडले नसते. अशा गाठी आमच्याकडे दैवयोगाने पडतात. दैवयोगाने पडणारा पाऊस शेतकऱ्यास पुरत नाही, म्हणून तो विहीर खणतो. आम्ही मात्र ढगांकडे पाहत बसलो आहो.

एक नवा आक्षेप हल्ली ऐकू येतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, यंत्र स्वस्त झाले, शिकावयाचे ते पडद्यावर फुकट शिकता येते. मग शाळा हवी कशास? या आक्षेपकांस आम्ही एवढेच विचारतो की, बोरू स्वस्त झाला तेव्हा सगळेच ग्रंथकार झाले होते काय? यंत्र हाती आल्याने हात सुटतो हे खरे. पण आपण काढलेले चित्र चुकले कोठे, हे सांगणारा वडीलधारा डोळा यंत्रात नसतो. शिवाय चित्रपट ही एकट्याने करावयाची गोष्ट नाही. खोलीत एकटा बसून मनुष्य कविता लिहील. चाळीस माणसांचे मन एका दृश्यावर आणावयाचे कसब त्याला चाळीस माणसांतच शिकावे लागते.

मग करावयाचे काय? आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत. पहिली ही की, ज्या चित्रपटास सरकारी अनुदान हवे, त्याने निदान तीन उमेदवार, मुंबई-पुण्याबाहेरचे, पगार देऊन वेगवेगळ्या खात्यांत ठेवलेच पाहिजेत, आणि त्यांस काय शिकविले याचा लेखी दाखला अर्जासोबत जोडला पाहिजे. दुसरी ही की, कोल्हापूरच्या चित्रनगरीच्या आवारातच एक चित्रशाळा निघावी, आणि तिच्यामागून नागपूर, नाशिक व छत्रपती संभाजीनगर येथे तिच्या शाखा व्हाव्यात. तेथे दिग्दर्शनाच्या मोहापायी बाकीच्या विद्या मागे पडू नयेत. छायालेखन, ध्वनी, संकलन आणि निर्मितीचा हिशेब यांना पहिला मान असावा. तिसरी, शिक्षण मराठीतून व्हावे. या विषयांवर मराठीत पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ती लिहवून घेणे हे साहित्यसंस्थांचे काम आहे, आणि त्यांनी ते आजवर का केले नाही, याचे उत्तर त्यांनीच द्यावे. चौथी, मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने 1968 पासून जी फिल्म सोसायटीची चळवळ चालविली, ती जिल्ह्याच्या गावच्या वाचनालयापर्यंत पोहोचवावी. ज्या इमारतीत पुस्तके आहेत, तेथे महिन्यातून एकदा पडदा लावण्यास अवघड ते काय? पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची ही की, या शाळांतील मुले, गावोगावचे लेखक, नाट्यस्पर्धेतील नट आणि पैसा घालण्यास राजी असणारे गृहस्थ यांची वर्षातून एकदा, हारतुरे व भाषणे यांना रजा देऊन, कामाची बैठक व्हावी. पारितोषिक-समारंभांस आमच्याकडे तोटा नाही. पण तेथे माणसे एकमेकांस पाहतात, भेटत नाहीत.

शेवटी एक शब्द ज्यांच्या घरी हे मासिक जाते त्या सुशिक्षित कुटुंबांस. सरकारला दोष देणे सोपे आहे. परंतु या दोषात आपलाही वाटा आहे. मुलगा ध्वनिलेखक व्हावयाचे म्हणतो तेव्हा आपण त्यास अभियांत्रिकीची वाट दाखवितो; मुलगी कॅमेरा शिकावयाचे म्हणते तेव्हा ‘हौस म्हणून कर’ असे सांगतो. नाटकातला मुलगा आपल्याला कौतुकाचा वाटतो, कारण तो संध्याकाळी घरी येतो आणि दिवसा बँकेत जातो. कला ही फावल्या वेळची गोष्ट आहे हा संस्कार आपल्याच दिवाणखान्यात रुजला, आणि फावल्या वेळात उद्योग उभे राहत नाहीत. कोल्हापूरच्या त्या मेस्त्र्याला ही शंका शिवली नाही. त्याने आधी कारखाना घातला, कारखान्यात माणसे घडविली, आणि त्या माणसांनी पुढे तीस वर्षे साऱ्या हिंदुस्थानास चित्रपट दाखविले.

आम्हांस आणखी चित्रनगरी नको. जी आहे तिच्या एका कोपऱ्यात वीस मुलांचा वर्ग भरू द्या, त्यांना एक बरा कॅमेरा, एक चांगला शिक्षक आणि दोन वेळचे जेवण द्या. पुढच्या अर्थसंकल्पात चित्रपटासाठी जी काही रक्कम राखून ठेवली जाईल, तिच्यातील किती रुपये माणूस घडविण्यासाठी आहेत आणि किती मंडपासाठी, एवढा एकच प्रश्न प्रत्येक आमदारास त्याच्या मतदाराने विचारावा. उत्तर ऐकून लाज वाटली, तर कामास लागण्यास तेवढी पुरेशी आहे.